चौथी पायरी

धुडकू पाटलाला कारखान्यात कुणी घाबरत नव्हतं, पण त्याच्या नाकाला सगळे घाबरायचे. मिरचीचा ट्रक फाटकातून आत शिरतोय न शिरतोय तोच हा गडी लांबूनच हात वर करायचा, "तळनी दोन पोतं कुबट शेत, उतारू नको." ट्रकवाला चार शिव्या हासडायचा, तळाची पोती उघडायचा आणि निमूट पुन्हा शिवून टाकायचा. नंदुरबारला रुळांच्या पलीकडे नवनीतशेठचा मिरचीपुडीचा कारखाना, आणि त्याच्या मागे मोठी थोरली पथारी, म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं रान. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत ते रान लालभडक असायचं आणि तिथे धुडकूच्या शब्दावाचून एक पोतं इकडचं तिकडे होत नव्हतं. सव्वीस वर्षं त्याने हेच केलं. हुद्दा काय तर पथारीचा सुपरवायझर, आणि ऐट अशी की शेठनेही याला विचारून खुर्ची हलवावी.

असा माणूस म्हटला की त्याचा एखादा हट्ट असतोच. धुडकूचा हट्ट म्हणजे डोंगरी मिरची. सातपुड्यातल्या मोलगीच्या वरच्या पाड्यांवरून बायका ती कौलांवर वाळवून आणायच्या. बारीक, काळपट, दिसायला अगदीच दरिद्री, पण चिमूटभर कुटली तरी शेजारघर शिंकायला लागावं अशी. एका वर्षी कमलीबाई नावाच्या बाईची चार पोती एका व्यापाऱ्याच्या ओलसर मालात मिसळली गेली. बुरशी त्या व्यापाऱ्याच्या मालाला होती, पण परत पाठवली गेली ती कमलीबाईची पोती. ती काही बोलली नाही. पोती उचलून जीपच्या टपावर चढवली आणि गेली. ते न बोलणं धुडकूला फार लागलं. पुढच्या हंगामात बाई परत आली तेव्हा त्याने तिच्यासमोर उभं राहून सांगितलं, "कमलीबाई, यानंतर तुन्हा माल कोनाच मालमा मिसळाव नई. मन्हा शब्द शे."

तेव्हापासून चिंधीची रीत पडली. पाड्यावरची प्रत्येक बाई आपल्याच जुन्या लुगड्याची चिंधी फाडून पोत्याचं तोंड बांधायची. कमलीबाईची हिरवी, तिच्या जावेची पिवळी, पलीकडच्या टेकडीवरच्या म्हातारीची जांभळ्या काठाची. अशा एकोणीस चिंध्या धुडकूच्या डोक्यात पक्क्या होत्या. कागदावर एक नाही. ती पोती पूर्वेकडच्या शेडमध्ये वेगळी राहायची, वेगळी दळली जायची आणि 'डोंगरी' नावाची थोडीशी पाकिटं निघायची. नवनीतशेठ त्याची थट्टा करायचे, "लोक सोनं सांभाळतात, आमचा धुडकू चिंध्या सांभाळतो." पण पाकिटं आठ दिवसांत संपायची, म्हणून शेठही फार खोलात जात नसत.

आणि मग कारखान्यात भाग्येश आला.

भाग्येश म्हणजे धुडकूच्या सख्ख्या बहिणीचा, सारंगखेड्याच्या दगूबाईचा मुलगा. इंजिनिअर झालेला, पुण्यात चार वर्षं नोकरी केलेला, बोलायला गोड आणि दिसायला देखणा. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. धुडकूच्या घरात भाचा म्हणजे देव. भाच्याला मामा पायाला हात लावू देत नाही. उलट अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाचा घरी आला की मामाच त्याला पाटावर बसवून त्याच्या पाया पडतो. भाच्याने उष्टं ताट उचलायचं नाही, भाच्याला काम सांगायचं नाही, भाच्याला वाकडा शब्द बोलायचा नाही. भाग्येश पाच वर्षांचा होता तेव्हापासून, तो सवयीने वाकला की धुडकू दोन पावलं मागे सरकायचा, "पाप लावस का मले, भाचा?" असं म्हणून हसायचा. शहरात राहून आलेल्या भाग्येशला त्याची गंमत वाटायची. तो मुद्दाम वाकायचा आणि मामा मुद्दाम पळायचा. घरातला हा ठरलेला खेळ होता.

शेठने भाग्येशला आणलं ते सिस्टीम बसवायला. ईआरपी म्हणतात ती. कारखान्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे निम्मी माणसं जाणार, कुणी म्हणे आता चहासुद्धा कॉम्प्युटरला विचारून मिळणार. धुडकू मात्र कॉलर ताठ करून फिरत होता. सिस्टीम असो नाहीतर आणखी काही, बसवणारा कोण? मन्हा भाचा.

एका रविवारी भाग्येश मामाकडे जेवायला आला. मामी सुनिताने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. जेवण झाल्यावर दोघं बाहेर ओट्यावर बसले आणि धुडकूने विचारलं, "भाचा, हाई सिस्टीम शे तरी काय? मले समजी असं सांग."

धुडकूच्या ओट्याला चार पायऱ्या आहेत. भाग्येश उठून खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. "मामा, हाई पहिली पायरी. आते आपला कारखाना आठे शे. काट्यावरनं कॉम्प्युटर येगळं, लॅबनं येगळं, गोडाऊननी वही येगळी. कोनी कोनाशी बोलत नई." तो एक पायरी वर चढला. "हाई दुसरी. दोन-दोन खातं बोलाले लागतस. काट्यावर वजन व्हयनं का चिठ्ठी आपोआप गोडाऊनले जास." आणखी एक. "तिसरीवर सगळा कारखाना एकच. एक वस्तू, तिनं एकच नाव, जठे देखशात तठे तेच. कोनी काय कयं, कव्हय कयं, कोनी मंजूर कयं, समदं दिसस." मग तो सगळ्यात वरच्या पायरीवर, मामाच्या शेजारी येऊन बसला. "आनी हाई चौथी. आठे भायेरना लोक बी जुडतस. एक बाजूले माल देनारा, दुसरी बाजूले लेनारा. मुंबईनी एखादी बाई पाकीट हातमा ली, त्यावरना चौकोन मोबाइलवर दखाडी, तिले मिरची कोनी पिकाडी ते दिसी. नाव, गाव, फोटू."

धुडकू एकदम सावरून बसला. "म्हंजे कमलीबाईनं नाव?"

"नाव काय, तोंड बी."

भाबडेपणा म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा, धुडकूच्या डोळ्यांत पाणी आलं. जी बाई एके काळी दुसऱ्याच्या बुरशीपायी परत गेली होती, तिचं तोंड आता पाकिटाबरोबर मुंबईला जाणार. चिंधीची आता गरजच राहणार नव्हती. जे इतकी वर्षं त्याच्या एकट्याच्या डोक्यात होतं ते आता सगळ्या कारखान्याला ठाऊक होणार होतं, तो मेला तरी राहणार होतं. त्याने त्याच दिवसापासून भाच्याला सगळं द्यायला सुरुवात केली.

चार महिने भाग्येश रोज दुपारी लॅपटॉप घेऊन पथारीवर यायचा. कुठली चिंधी कुणाची, कुठल्या पाड्याची मिरची कधी उतरते, नाकाला काय कळतं, दातात धरल्यावर काय कळतं, पूर्वेकडचीच शेड का, हे सगळं धुडकू बोलत होता आणि तो टिपत होता. बायका पथारीवर मिरची उलटत असायच्या, त्यांच्यासमोर मामा कौतुकाने सांगायचा, "लिखी ले भाचा, हाई बी लिखी ले." डोंगरी मालाची मंजुरी सिस्टीममध्येही धुडकूच्याच नावावर राहील, असं ठरलं. त्यासाठी त्याला पासवर्ड हवा होता. धुडकूने क्षणभर विचार केला आणि भाच्याचंच नाव पासवर्ड म्हणून ठेवलं. भाग्येशनेच ते टाइप करून दिलं. भाच्यापासून काय लपवायचं असतं?

पावसाळ्याच्या आधी मामा-भाचे मोलगीला गेले. बाजाराचा दिवस होता. कमलीबाई बाजारात एका कडेला आमचूर घेऊन बसली होती. साठीकडे झुकलेली, हडकुळी, कानात चांदीचे जाडजूड दागिने. घरी ती भिलीत बोलायची, धुडकूशी मात्र बाजारात शिकलेल्या मोडक्यातोडक्या अहिराणीत. भाग्येशने मोबाइल काढून तिचा फोटो घ्यायला सुरुवात केली तशी तिने पदर तोंडावर ओढला.

"तोंड कसाले लागस तुमले?" तिने धुडकूला विचारलं.

"पाकिटवर येवाले, बाई. तुन्ही मिरची शे असं समद्या जगले समजी."

"आनी मिरची? ती लागस ना?"

"मिरची तं पहिले लागी." धुडकू तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने भाच्याकडे पाहिलं. भाग्येशने मान हलवली. "या साल जास्ती लावा. जितली येई तितली समदी लेसूत."

कमलीबाईने समोरचं आमचूर सारखं केलं. त्यांच्या पाड्यावरची अकरा घरं दर दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून गुजरातला ऊसतोडीला जायची. पोरंसोरं, कोंबड्या, तवा, सगळं बांधून. वाटेला लागलेला ट्रक एकदा गेला की गेला, मागून कुणाला घेत नाही. ती म्हणाली, "समदी लेशात, तर यंदा आमी जाव नई. मी घरेघर सांगसू. पन तू बोल."

"बोलनू. मन्हा शब्द शे."

मग तिने पदर खाली केला आणि सरळ मोबाइलकडे पाहिलं. फोटो चांगला आला.

दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रक आला आणि त्या पाड्यावरून रिकामाच पुढे गेला. हे धुडकूला मोलगीच्या जीपवाल्याने सांगितलं तेव्हा त्याची छाती फुगली होती.

मार्गशीर्षात सारंगखेड्याला घोड्यांची जत्रा भरली. भाग्येश तिकडे दोन दिवस जाऊन आला. येताना मामासाठी रेवड्या आणल्या आणि म्हणाला, "मामा, येत्या सोमवारले चौथी पायरी. शेठ कार्यक्रम ठेवी ऱ्हायनात. चार वाजता नारळ फोडतीन. तुम्हले नवा सदरा घालना पडी." सुनिताने सदऱ्याला इस्त्री करून ठेवली. धुडकूनेही आपण होऊन मोलगीला निरोप धाडला होता, माल सोमवारीच आणा, कार्यक्रमही बघा.

सोमवारी दुपारी दीडच्या सुमारास तो नवा सदरा घालून पूर्वेकडची शेड झाडून घेत होता. तेवढ्यात फाटकावरून निरोप आला, तुम्हाला बोलावलंय, एक बाई ऐकत नाही.

फाटकाबाहेर पिकअप उभी होती. त्यात बावीस पोती, आणि पोत्यांवर कमलीबाई, तिची जाऊ आणि आणखी दोन बायका. अकरा घरांचा माल. फाटकावरचा जगदीश कॉम्प्युटरमागे घामाघूम झाला होता.

"धुडकूभाऊ, गाडी काट्यावर घेताच येत नाही. सिस्टीम घेऊ देत नाही. बघा, लाल पट्टी."

"नाव नीट टाक."

"नाव बरोबर आहे. नाव सापडतं. त्याच्यापुढे 'बंद' दाखवतं. पुरवठादार बंद."

"कोनी बंद कयं?"

जगदीशने माउस सोडला. त्याने एकदा बायकांकडे पाहिलं, एकदा धुडकूच्या नव्या सदऱ्याकडे. "राहू द्या ना, भाऊ."

"वाच."

"कारण, किमान माल पाच टन नाही. एकोणीस पुरवठादार कायमचे बंद." त्याने बोट पुढच्या ओळीवर नेलं. "मंजुरी, धुडकू पाटील. तारीख सात नोव्हेंबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं."

कमलीबाईला वाचता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. धुडकू तिच्याकडे वळला. तो म्हणाला, "मी नई. बाई, मी नई कयं." ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. आतून माल भरलेला एक ट्रक बाहेर पडत होता. मागची ताडपत्री अर्धी उघडी होती आणि आत खोक्यांची रांगच रांग होती. प्रत्येक खोक्यावर कमलीबाईचं तोंड छापलेलं. कानातल्या चांदीसकट. खाली मोठ्या अक्षरांत 'डोंगरी'. एवढी खोकी की तिच्या सगळ्या डोंगराची मिरची ओतली तरी भरली नसती.

ट्रक त्यांच्या समोरून धूळ उडवत गेला. कमलीबाई ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तोंड लागस. मिरची नई लागत."

धुडकू धावत ऑफिसात गेला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण त्या दिवशी पथारी ओलांडून पळाला, वाटेतली वाळत घातलेली मिरची तुडवत पळाला. असं त्याने सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं. भाग्येश काचेच्या केबिनमध्ये कार्यक्रमाचं भाषण वाचून बघत होता. मामाला पाहून तो हसला, आणि मग त्याचं हसू मावळलं.

"भाचा, सात तारीखले दुपारना दोन वाजता मी कोठे व्हतू?"

भाग्येशने भाषणाचा कागद खाली ठेवला. "मामा, बसा."

"मी जांभळा काठवाली म्हातारीना मयतले गयथू. तुनीच सुट्टी टाकी दिधी व्हती. मंग मंजुरी कोनी दिधी?"

एवढ्यावर तरी पोरगं लाजेल असं धुडकूला वाटलं होतं. पण भाग्येश समजावणीच्या सुरात बोलू लागला, तेही अहिराणी सोडून ऑफिसच्या मराठीत. तो म्हणाला की तिसऱ्या पायरीवर एका वस्तूला एकच नाव लागतं. एकोणीस चिंध्या सिस्टीममध्ये बसत नाहीत. म्हणून 'डोंगरी' ही आता प्रत आहे, ठिकाण नाही. रंग आणि तिखटपणा लॅबमध्ये बसला की कुठलीही मिरची डोंगरी. नाक, दात, वास, मामांनी जे जे सांगितलं त्या सगळ्याचे त्याने आकडे केले होते, आणि ते आकडे जुळवणारा माल शेठला मोठ्या व्यापाऱ्यांकडून गाड्या भरभरून मिळत होता. मग चार-चार पोत्यांच्या बायका कशाला सांभाळायच्या? शेठने अट घातली होती, डिसेंबर संपायच्या आत चौथी पायरी, नाहीतर पुण्याला परत जा.

"आनी तिनं तोंड?"

"फोटोसाठी तिने हो म्हटलं होतं, मामा. तुमच्या समोर."

"मन्हा नाववर मंजुरी तू दिधी."

"नियमाप्रमाणे तुमचीच लागत होती. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हनीसन विचारं नई?"

भाग्येशने मान खाली घातली. उत्तर तेच होतं. धुडकूला वाटलं, कुणी परक्याने केलं असतं तर त्याची कॉलर धरली असती, सगळ्या कारखान्यासमोर दोन ठेवून दिल्या असत्या. पण समोर दगूचं पोर होतं. त्याच्या हातून मामाचा गळा केसाने कापला गेला होता आणि मामाचा हात वर उठत नव्हता. तो तसाच शेठच्या केबिनमध्ये गेला. भाग्येश मागोमाग आला.

नवनीतशेठने सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी आपला स्क्रीन त्याच्याकडे फिरवला. "धुडकू, इथे तर तुझंच नाव आहे. मला वाटलं, तू म्हणतोस म्हणजे विचार करूनच म्हणतोस. तुझ्या शब्दावर मी एकोणीस नावं बंद केली." ते खरंच बोलत होते की साळसूदपणा करत होते, देव जाणे. "तू नाही दिली मंजुरी, तर मग दिली कोणी? सांग. पासवर्ड चोरून वापरणारा माणूस मी इथे एक दिवस ठेवायचा नाही, आणि त्याने केलेली मंजुरीही रद्द करीन."

म्हणजे एवढंच होतं. एक नाव घेतलं की कमलीबाईची पोती आत येत होती. बावीस पोती, अकरा घरं. धुडकूने तोंड उघडलं. दाराशी भाग्येश उभा होता, पाच वर्षांचा असताना खोडी उघडी पडली की उभा राहायचा तसा, ओठ चावत. धुडकूने तोंड मिटलं.

"याद नई, शेठ," तो म्हणाला. "दिधी व्हई मी."

शेठने स्क्रीन पुन्हा स्वतःकडे वळवला.

चार वाजता पथारीच्या कडेला मांडव घातला होता तिथे सगळे जमले. कामाच्या बायका, हमाल, ऑफिसातली मंडळी. फाटकाबाहेर पिकअप अजून उभीच होती. शेठने नारळ फोडला, टाळ्या झाल्या. भाग्येशने भाषणात मामाचं नाव तीनदा घेतलं. चौथी पायरी हे मामाच्या सव्वीस वर्षांच्या अनुभवाचं फळ आहे, असंही म्हणाला. मग शेठच म्हणाले, "अरे, मामाच्या पाया पड, फोटो काढू." सगळे हसले, कारण मामा पळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भाग्येश वाकला. धुडकू हलला नाही.

भाच्याची बोटं मामाच्या पायांना लागली. हसणं थांबलं. सारंगखेड्याची दोन-चार माणसं तिथे होती, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भाग्येशने वर बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, कारण त्याला बरोबर कळलं होतं. धुडकू त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "पड. आज तू मन्हा भाचा नई. आते मले बोलता येई." मग तो शेठकडे वळला आणि सगळ्यांसमोर बोलला. पासवर्ड कुणाकडे होता, सात तारखेला आपण कुठे होतो, सगळं. एक शब्द गाळला नाही.

शेठ मांडवभर नजर फिरवून म्हणाले, "धुडकू, दोन तासांपूर्वी तूच मला म्हणालास की मी दिली. आता कुठलं खरं धरू?" आणि हात जोडून सगळ्यांना म्हणाले, "चहा घ्या, चहा घ्या."

दोन तास. भाच्याला वाचवण्यासाठी गप्प राहिलेले ते दोन तास आता त्याच्यावरच उलटले होते. धुडकू तिथून सरळ फाटकावर गेला. पिकअपचा ड्रायव्हर गाडी वळवत होता. अक्कलकुव्याच्या बाजारात जो कुणी घेईल त्याला, मिळेल त्या भावात, मिसळून घातली जाणार होती ती मिरची. धुडकूने गाडीचा दांडा धरला आणि चालता चालता कमलीबाईला सगळं सांगितलं. भाच्याचं, पासवर्डचं, आपण गप्प बसलो त्याचं, आता बोललो त्याचं. काही लपवलं नाही. ड्रायव्हरने गाडी थांबवली.

कमलीबाईने सगळं ऐकलं. "त्यानी तुले फसाडं," ती म्हणाली.

"व्हय, बाई."

"मले त्यानी नई फसाडं. मी त्याले वयखत बी नई व्हती. मले तूच फसाडं."

शब्द धुडकूचा होता. पासवर्ड त्याचा होता. केबिनमध्ये मिटलेलं तोंडही त्याचंच होतं. तो दांडा धरून उभा राहिला.

"मन्हं तोंड माघारी दे," ती म्हणाली. रागावून नाही, बाजारात उरलेली पिशवी परत मागावी तशी. "मिरची नई, तं तोंड बी नई." मग तिने ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर दोनदा थाप मारली आणि गाडी निघाली. बावीस पोत्यांची तोंडं, हिरव्या, पिवळ्या, निळ्या चिंध्यांनी बांधलेली, वळणापर्यंत दिसत होती.

धुडकू पाकिटांच्या गोडाऊनमध्ये गेला. उद्याच्या ट्रकची खोकी छतापर्यंत रचलेली होती. त्याने सुतळी कापायची सुरी घेतली, पहिलं खोकं खाली उतरवलं आणि कमलीबाईच्या तोंडाभोवती चौकोन कापायला सुरुवात केली. कापलेला तुकडा खांद्यावरच्या उपरण्यात ठेवला आणि दुसरं खोकं घेतलं. जगदीश दारात येऊन बघून गेला. दोन हमाल आले आणि भिंतीशी उभे राहिले. शेवटी भाग्येश आला. "मामा," तो म्हणाला. धुडकूने मान वर केली नाही.

"मामा नको म्हनू," तो म्हणाला. "ते वरलं खोकं उतार."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने भाच्याला काम सांगितलं होतं. भाग्येशने खोकं उतरवून त्याच्यासमोर ठेवलं. तो रडत होता, की त्याच्या डोळ्यांत मिरची गेली होती, हे धुडकूने पाहिलं नाही. तो कापत राहिला. या गोडाऊनमधली सगळी तोंडं तो उद्यापर्यंत कापून मोलगीला पोचवणार होता. दुपारी फाटकातून गेलेल्या ट्रकचं काय करायचं, ते मात्र त्याला सुचत नव्हतं.